दोघांनी धरून आणावा

माझा हात माझ्या मुलाने मोडला, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणी 'पण झालं काय' असं विचारायला नको. पीठ मळायच्या लाकडी पेटीला जाड फळ्यांचं झाकण असतं, ते त्याने माझ्या मनगटावर आपटलं. पहिल्यांदा आपटलं तेव्हा वाटलं, चुकून पडलं. दुसऱ्यांदा त्याने माझ्या डोळ्यांत बघत आपटलं. आपलं हाड मोडल्याचा आवाज आपल्यालाच ऐकू येतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

भांडण माझ्याशी नव्हतंच. तो बायकोला मारत होता आणि मी मध्ये पडले. आमची पावाची भट्टी आहे, खाली भट्टी आणि वर राहायच्या दोन खोल्या. मी, आमचे हे, मुलगा आणि सून, एवढंच घर. मुलाला सगळे बाळ म्हणतात. दाढीमिशा आल्या, लग्न झालं, बायकोच्या कानाखाली मारून मारून तिचा एक कान कायमचा बंद केला, तरी हा बाळच. लाडाने ठेवलेली नावं वेळेवर परत घ्यावीत माणसाने.

आणि बाहेर विचाराल तर बाळासारखा मुलगा नाही. कुणाची गोणी उचलून दे, कुणाच्या म्हातारीला रस्ता ओलांडून दे. सगळं लोणी बाहेर आणि घरात नुसता विस्तव. दारूचा थेंब घेत नाही, म्हणजे दारूवर ढकलून मोकळं व्हायचीही सोय नाही. सुनेला माहेर उरलेलं नाही. ती माझ्या उजव्या हाताला उभी राहून पाव वळायची, म्हणजे तिचा चांगला कान माझ्याकडे यायचा. मारून झालं की हा खाली येऊन निवांत पाव मोजायला बसायचा आणि ती वर रक्त पुसायची. एक दिवस ही पोरगी मरणार, हे मला लख्ख दिसत होतं. आज नाही तर उद्या, पण मरणार.

हात मोडला त्या दिवशी मी चौकीत गेले. हवालदार घरी आला, भला माणूस होता, बसून नीट विचारलं. सुनेने नवऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, मला कुणी मारलं नाही म्हणाली. तिचं चुकलं म्हणत नाही मी, हवालदार गेल्यावर तिला त्याच खोलीत राहायचं होतं. मग हवालदाराने आमच्या ह्यांना विचारलं. हे हाताला लागलेलं पीठ झाडत म्हणाले, पिठावरून हिचा पाय घसरला. त्या वाक्याने माझ्या हातापेक्षा जास्त दुखलं. हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाला, बाई, मुलगा नाही म्हणतोय, सून नाही म्हणतेय, मालक नाही म्हणतायत, तुमच्या एकटीच्या शब्दावर काय करू? निदान मालकांनी तरी खरं सांगायला हवं.

आता आमचे हे खोटारडे असते तर मी गप्प बसले असते. पण हा माणूस आमच्या प्रार्थनाघरातला वाचक. जमातीसमोर उभं राहून हिब्रू शास्त्राची गुंडाळी उघडायची आणि चांदीच्या कांडीने एकेक अक्षर दाखवत वाचायचं, हे त्यांचं काम. आयुष्यात एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. आणि असा माणूस घरात उभा राहून धडधडीत खोटं बोलला.

मी रात्रंदिवस डोकं खाल्लं तेव्हा एका दुपारी त्यांनी पुस्तक उघडून माझ्यासमोर ठेवलं. शास्त्रात एक नियम आहे. मुलगा हट्टी आणि बंडखोर असेल, आईबापाचं ऐकत नसेल, शिक्षा करूनही ऐकत नसेल, तर आईने आणि बापाने, दोघांनी त्याला धरावा, वेशीपाशी वडीलधाऱ्यांसमोर बाहेर आणावा आणि म्हणावं की हा आमचा मुलगा आमचं ऐकत नाही, खादाड आहे, दारुडा आहे. मग गावातल्या सगळ्या पुरुषांनी त्याला दगडांनी ठार मारावा.

लहानपणी त्यांचे वडील ही ओळ वाचताना नेमकं ह्यांच्याकडे बघायचे म्हणे. ती भीती अजून पोटात होती. "मी तोंड उघडलं की पहिला दगड माझा," असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी म्हटलं, अहो, आजकाल कोण दगड मारतंय, फार तर तुरुंगात जाईल. तर ते म्हणाले, बापाचा शब्दच मारतो, दगड नसला म्हणून काय झालं.

मग ते मला समजावायला लागले. जुन्या पंडितांनी या नियमाला इतक्या अटी घातल्यात की तो लागूच होऊ नये. मुलगा ठरावीक वयाचा हवा. खादाड आणि दारुडा दोन्ही हवा, आणि आपला बाळ तर थेंब घेत नाही. आईबाप दोघं राजी हवेत. आणि शास्त्र म्हणतं 'धरावा', म्हणून दोघांचे हात धड हवेत. आईचा किंवा बापाचा हात निकामी असेल तर नियम लागू नाही. हे सांगताना त्यांनी माझ्या प्लास्टरकडे पाहिलं, आणि मला कळलं की ह्या माणसाला सुटल्यासारखं वाटतंय.

"म्हणजे त्याने माझा हात मोडला, म्हणून तो सुटला?" मी विचारलं.

मी हसले, अगदी खदाखदा हसले. हसता हसता मी तिथेच भिंतीला डोकं टेकून रडले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या काकांकडे गेले. सगळ्या जमातीचे ते मोठे काका, आमच्या तीन पंचांतले सर्वांत वयस्कर. पूर्वी औषधांच्या दुकानात पुड्या बांधायचे, आता शास्त्र शिकवतात. बूट मात्र आरशासारखे लखलखीत. त्यांना मी विचारलं, लागूच करायचा नव्हता तर हा नियम लिहिला कशाला? ते खूश झाले, असे प्रश्न त्यांना आवडतात. म्हणाले, पोरी, हाच प्रश्न पंडितांनाही पडला होता. एकजण म्हणाला, असा मुलगा कधी झाला नाही आणि होणारही नाही, नियम आहे तो फक्त अभ्यास करून शहाणं होण्यासाठी. दुसरा म्हणाला, झालाय, मी स्वतः त्याच्या थडग्यावर बसलोय. काकांनी डोळे मिटले आणि म्हणाले, बघ, आईबापाच्या हातून लेकरू मरू नये म्हणून आमच्या लोकांनी देवाच्या शब्दालाही वेसण घातली.

मला ते पटलं, खोटं कशाला बोलू. चांगल्या माणसांनी केलेली चांगली गोष्ट होती ती. पण मी म्हटलं, काका, मुलाच्या थडग्यावर कुणीतरी बसलं. त्या मुलाने जिला मारली असेल तिच्या थडग्यावर कोण बसलं? त्यांनी मला पाणी दिलं आणि घरातलं घरात मिटवा म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची.

परत येताना मी वाटभर त्या ओळीशी भांडत होते. आणि मला एक दिसलं. शिकलेली बाई नाही मी, पण पिठाचं आधी काय करायचं आणि शेवटी काय, हे मला कळतं. त्या नियमात दगड शेवटी आहे. त्याआधी आहे 'बाहेर आणावा'. बापाने घरात बसून एकट्याने मुलाचं काय ते करू नये, आईला विचारल्याशिवाय करू नये, चार लोकांसमोर उजेडात आणावं. पंडितांनी दगड बांधून ठेवला ते बरंच केलं. पण दारही बांधा असं कुठे म्हणाले ते? ते आमच्या ह्यांनी आपल्या मनाने बांधलं.

हे मी घरी बोलले, आणि बाळाने ऐकलं. तो जिन्यात उभा होता.

त्याने मला हात लावला नाही. सुनेला केसांना धरून खाली ओढत आणलं. भट्टी पेटलेली होती, पावांचा दुसरा घाणा आत होता. "आईला फार वाटतं ना तुझं," म्हणत त्याने तिचा हात कोपरापर्यंत भट्टीच्या तोंडात घातला. तिने ओरडायला तोंड उघडलं पण आवाजच आला नाही. कातडी चरचरली, तो वास मी आयुष्यभर विसरणार नाही. मी पाव काढायची लांब दांड्याची फळी डाव्या हाताने उचलली आणि त्याच्या पाठीत घातली, मग मानेवर, मग परत पाठीत. तो सोडेपर्यंत घातली. त्याने फळी हिसकावून मोडली आणि मोडका दांडा माझ्या पोटात खुपसला. नशीब, टोक नव्हतं. मग कपडे झटकून पाव गाडीवर चढवायला निघून गेला.

आमचे हे पिठाच्या गोणीला टेकून उभे होते. तोंड पांढरं. मी सुनेचा हात पाण्यात धरला आणि त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. राग यायलाही माणसात थोडी माया शिल्लक लागते, ती त्या क्षणी माझ्यात नव्हती.

पण एक गोष्ट मला पक्की माहीत होती. हा माणूस हवालदारापुढे खोटं बोलेल, माझ्यापुढे बोलेल, उघडलेल्या गुंडाळीपुढे बोलणार नाही. आणि आमच्यात एक जुनी चाल आहे. ज्याचं गाऱ्हाणं कुणी ऐकत नाही, त्याने वाचनाच्या वेळी पुढे जाऊन वाचन अडवायचं. त्याचं ऐकून घेतल्याशिवाय पुढचं अक्षर वाचता येत नाही. माझ्या आठवणीत एका विधवेने सांडपाण्याच्या भिंतीच्या भांडणासाठी अडवलं होतं, तेवढंच.

सुट्टीच्या दिवशी सकाळी प्रार्थनाघर भरलं होतं. बाळ पुढच्या बाकावर, इस्त्रीचा सदरा घालून. दोन पायऱ्यांच्या ओट्यावर मेज, मेजावर गुंडाळी उघडलेली, हे कांडी हातात घेऊन पहिली ओळ वाचत होते. मी बायका बसतात त्या कठड्यामागून बाहेर पडले, मधल्या वाटेने चालत गेले आणि प्लास्टरचा हात मेजाच्या कडेवर ठेवला. माझ्यामागे सून होती, तिचा हात बोटांपासून कोपरापर्यंत बांधलेला.

"मी वाचन अडवते," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. झाकण, कान, भट्टी. नजर कुठेही न हलवता सांगितलं. कुजबुज झाली, कुणीतरी म्हणालं, बाळ? छे, काहीतरीच. मोठे काका पंचांच्या जागेवरून उठले आणि त्यांनी ह्यांना विचारलं, वाचक, हे खरं आहे का?

ह्यांनी मान वर केली नाही, कांडी त्याच अक्षरावर धरून ठेवली.

बाळ उठला. हसतच आला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, आईला हल्ली भास होतात, चल आई, घरी चल. आणि माझा प्लास्टरचा हात धरून पिरगळला. मी किंचाळले. त्याने दुसऱ्या हाताने माझ्या तोंडावर ठोसा मारला, सवयीने मारतात तसा, आणि मारल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण घरात नाही. एवढी माणसं बाकांवर बसलेली होती, एकानेही जागा सोडली नाही.

तेव्हा आमच्या ह्यांनी कांडी खाली ठेवली. पायऱ्या उतरून आले आणि मुलाला कमरेला मिठी मारली. बाळाने त्यांच्या तोंडावर कोपर हाणलं. दात पडला, रक्त दाढीवर आलं. ते घसरत खाली गेले, पण त्यांनी त्याचे पाय धरले आणि सोडले नाहीत.

"हा आमचा मुलगा," जमिनीवरून ते म्हणाले. "आमचं ऐकत नाही."

बस्स. जणू एवढ्याचीच वाट बघत होते सगळे. बाकं सरकली. बाळ आडवा झाला आणि पुरुष त्याच्यावर तुटून पडले. ज्यांनी माझ्यासाठी बोट उचललं नव्हतं ते आता बुटांनी त्याचं डोकं तुडवत होते. एकाने पट्टा काढला, बक्कल त्याच्या डोळ्यावर बसलं आणि डोळ्यातून पाण्यासारखं काहीतरी वाहिलं. दुसऱ्याने लोखंडी खुर्ची मिटून उचलली. आणि त्या गर्दीत मला तो लखलखीत बूट दिसला, बाळाच्या कानावर बसत होता, एकदा, पुन्हा, पुन्हा. मोठ्या काकांचा चेहरा अगदी शांत होता.

माझं मुलावर प्रेम नव्हतं त्या दिवशी, शपथेवर सांगते. पण खुर्ची वर गेली आणि मी त्याच्या अंगावर पडले. पोटचा गोळा हा शब्द कुणी उगाच नाही काढला. खुर्ची माझ्या खांद्यावर आली. वरून लाथा बसत होत्या. आणि खालून, माझ्या अंगाखाली, माझा मुलगा एक हात मोकळा करून माझ्या बरगडीत बुक्क्या मारत होता. मी त्याच्या कानाजवळ तोंड नेऊन म्हटलं, बाळा, मी आहे. त्याने अजून जोरात मारलं. मी उठले नाही. त्या क्षणी मला दोन्ही गोष्टी एकदम कळल्या, तो नियम कशासाठी लिहिला ते, आणि पंडित त्याला का घाबरले तेही.

हे पाय धरून ओरडत होते, थांबा, थांबा, पण कोण ऐकतंय.

थांबवलं सुनेने. ती मेजाजवळ उभी होती. तिने गुंडाळीच्या दोन्ही काठ्या धरून ती उचलली, चांगल्या हाताने आणि जळलेल्या हाताने, आणि मेजाच्या बाहेर धरली. आमच्यात गुंडाळी जमिनीला लागणं याहून मोठं पाप नाही. लागली तर सगळ्या जमातीने किती दिवस उपास करायचा, ते लहान पोरालाही माहीत असतं. "सोडते मी," ती म्हणाली. मोठ्याने नाही म्हणाली. तिच्या पट्टीतून लाल पाणी झिरपत होतं आणि हात लटपटत होता. खुर्ची तशीच हवेत राहिली. सगळ्या माणसांनी हात पुढे केले, गुंडाळी झेलायला. माझ्याकडे कुणी हात पुढे केला नाही, पण असो, लाथा थांबल्या.

नंतर मी तिला विचारलं, त्याला वाचवलंस? ती म्हणाली, आई, खाली तुम्ही होतात.

दवाखान्यात तोच हवालदार आला. जमातीचे लोक आधीच येऊन बसले होते, त्यांचं सगळ्यांचं एकच, मुलगा स्वतःच पडला, पायऱ्या निसरड्या आहेत, आई त्याला धरायला गेली. मोठे काकाही तेच म्हणाले. आवाज तोच, शास्त्र शिकवतानाचा. हवालदाराने मान डोलावली, त्याला काय, पडला तर पडला, मलमपट्टी झाली की पोरगा घरी जाईल. घरी, हा शब्द ऐकून सुनेने माझी बाही धरली.

आमचे हे भिंतीशी उभे होते, तोंडात कापूस. त्यांनी कापूस काढला.

"कुणीही पडलेलं नाही," ते म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं, एक अक्षर न गाळता, वाचतात तसं. कुणी पट्टा काढला, कुणी खुर्ची उचलली, कुणाचा बूट होता. काकांच्या तोंडावर सांगितलं. हिची बरगडी मोडली ती खालून, मुलाच्या बुक्क्यांनी, मी त्याचे पाय धरून होतो, मला दिसत होतं, असं सांगितलं. झाकण, कान, भट्टी. आणि मागच्या वेळी मी तुमच्याशी खोटं बोललो, तेही लिहून घ्या म्हणाले. बोलताना रडत होते, पण थांबले नाहीत. मोठे काका उठून निघून गेले. ज्या जमातीत हा माणूस जन्मला, तिच्यातला एकही जण आता आमच्या भट्टीचा पाव घेणार नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

मी बाळाजवळ गेले. एक डोळा बांधलेला, एक हात बेडीने पलंगाला अडकवलेला, दारात शिपाई. त्याने पाणी मागितलं. मी डाव्या हाताने पाजलं, अर्धं त्याच्या गळ्यावर सांडलं, ते पुसलं. तो म्हणाला, हवालदाराला काय सांगितलंस? मी म्हटलं, खरं ते. तो हसला, सुजलेल्या ओठांनी. म्हणाला, तुझ्या एकटीचं कोण ऐकतं.

"बाबांनीपण सांगितलं," मी म्हटलं.

त्याचं हसू गेलं. त्याने एका डोळ्याने दाराकडे पाहिलं. तिथे हे उभे होते, आत येत नव्हते आणि जातही नव्हते.

"बाबांनीपण?" त्याने विचारलं, आणि आवाज असा आला की मला तो पाच वर्षांचा दिसला. वाटलं, शिपायाला सांगावं काढ रे ती बेडी, चूक झाली, मी पडले होते, मीच घसरले होते.

"हो," मी म्हटलं. "दोघांनी."

मग मी ग्लास खाली ठेवला आणि सुनेला घेऊन घरी आले.